तोंड आलंय म्हणून जेल मागणाऱ्यांपैकी कुणाला तपासणीला पाठवायचं?

केमिस्ट_कळवा
कळव्यात मेडिकल आहे. "तोंड आलंय, काहीतरी द्या" म्हणत येणाऱ्यांना बी-कॉम्प्लेक्स आणि जेल दिलं जातं. त्यात तंबाखू खाणारेही असतात आणि तेच जेल पुन्हा पुन्हा नेणारेही. काउंटरवर नेमकं काय विचारावं?

दंतवैद्य_नेरूळ
सगळ्यात आधी विचारा, किती दिवस झाले? साधं तोंड येतं ते 7 ते 14 दिवसांत भरतं. फोड 1 सेंमीपेक्षा लहान, गोल, मध्ये पिवळसर, भोवती लाल कडं. जागा ओठाच्या किंवा गालाच्या आतली, नाहीतर जिभेखालची. आणि दुखतं भरपूर. हिरडीवर किंवा टाळूच्या कडक भागावर बारीक फोडांचा पुंजका असेल तर बहुधा हर्पीस, म्हणजे विषाणूचे फोड. तिथे स्टिरॉइडची पेस्ट देऊ नका.

मग विचारा, दरवेळी त्याच जागी होतं का? होत असेल तर तिथे बहुधा तुटलेली दाढ किंवा कवळीची कड लागत असते. ती घासून गुळगुळीत केली की दोन आठवड्यांत जखम भरायलाच हवी. नाही भरली तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी.

"दुखत नाही हो" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. कॅन्सरची जखम सुरुवातीला बरेचदा दुखतच नाही. जिभेच्या कडेला किंवा तंबाखूचा बार धरतात तिथे जखम, कड उचललेली, हाताला टणक, मानेत गाठ, यातलं काहीही असलं तरी जेल न देता पाठवा.

सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील आणि तिखट झोंबत असेल तर सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाणं) असू शकतो. पांढरा चट्टा गॉजने पुसून निघाला तर बहुतेक बुरशी. न निघणारा दाखवायलाच हवा, त्यात लाल भाग असेल तर लगेच.

पॅथॉलॉजी_ठाणे
वारंवार तोंड येत असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, फोलेट आणि साखर तपासा. हिमोग्लोबिन नीट असूनही फेरिटिन कमी निघू शकतं. आणि कृपा करून रक्त आधी, बी-12च्या गोळ्या नंतर. नाहीतर आकडा चांगला दिसतो आणि कमतरता झाकली जाते.

बायोप्सीचा तुकडा कडेचा हवा, शेजारची चांगली त्वचा धरून. मधून घेतला तर नुसता मेलेला थर येतो. पेम्फिगसची (प्रतिकारशक्ती बिघडून फोड येणारा आजार) शंका असेल तर दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नये, इम्युनोफ्लुरोसन्स (त्या आजाराची चमकत्या रंगाची तपासणी) वाया जातं.

फार्मसिस्ट_वाशी
चालू गोळ्याही विचारा. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली की तोंड सोलवटून निघतं. असा माणूस त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवा. हृदयाच्या निकोरँडिलनेही खोल जखमा होतात, पण ती परस्पर बंद करायला सांगू नका. ट्रायमसिनोलोन 0.1% पेस्ट देताना सांगा: जेवणानंतर आणि झोपताना, जागा टिपून कोरडी करून नुसती टेकवायची. चोळली की भुगा होऊन निघते.

केमिस्ट_कळवा
आणि पाठवू कुठे?

दंतवैद्य_नेरूळ
जवळचं म्हणजे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कान-नाक-घसा विभाग. नाहीतर नेरूळ किंवा खारघरच्या डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग. चिठ्ठीवर जखमेची जागा आणि किती दिवसांपासून आहे, एवढं तरी लिहून द्या.