भेंडी वाढवली म्हणूनच चिवट झाली

गच्चीवरची भेंडी चांगली वीतभर वाढू दिली, तरी शिजेना, चिवट लागली, अशी एकांची तक्रार वाचली. अहो, वाढू दिली म्हणूनच! फूल उमलल्यापासून साधारण ४ ते ६ दिवसांत भेंडी तोडायला येते. शेंडा मोडून बघा. कट्कन तुटला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. मंडईत असं केलं की भाजीवाला ओरडतो, स्वतःच्या कुंडीत कुणाची भीती? एक दिवसाआड फेरी माराच. पानाआड एखादी राहून जून झालीच, तर तीही काढून टाका. नाहीतर झाडाचा जोर बी धरण्यात जातो आणि नवीन फुलं कमी येतात.

दुधीला नख लावायचं. सहज रुतलं, सालीवर बारीक लव असली, की काढा. माझा पहिला दुधी मी ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून वेलावरच ठेवला. पाहुणे आले तेव्हा त्याला सुरी लागेना. शेवटी बियाण्याला ठेवला.

वांग्याची तुकतुकी गेली की उशीर झालाच समजा. टोमॅटोचं मात्र वेगळं, रंग धरू लागला की काढून घरात ठेवला तरी पिकतो. आमच्याकडे बुलबुल लागायच्या आत काढावाच लागतो.