टक्केवारीच्या पुढे काय पाहायचं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये काही जण म्हणतात, की कॉलेजात ज्याचे ६० टक्क्यांहून कमी पास अचूक जातात, अशा क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत घेऊच नये. हे मत मला टोकाचं वाटतं. जॉश ॲलनचं उदाहरण बघा. वायोमिंग विद्यापीठात त्याची टक्केवारी ५६च्या आसपास होती, तरी २०१८च्या ड्राफ्टमध्ये बफेलो संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. तिथे पहिल्या वर्षी टक्केवारी ५२.८, तिसऱ्या वर्षी थेट ६९.२!

मधल्या काळात ब्रायन डेबॉल हा एकच आक्रमण प्रशिक्षक कायम राहिला आणि २०२०मध्ये पास झेलणारा स्टेफॉन डिग्ज संघात आला. या सुधारणेचं श्रेय नुसत्या हाताच्या ताकदीला देऊ नका. तसा हात क्वार्टरबॅक जमार्कस रसेलकडेही होता. तो २००७च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला आणि तीन हंगामांत त्याची कारकीर्द संपली.

म्हणून मी आधी चुकलेले पास पाहतो. निर्णय बरोबर होता पण पाय नीट रोवले नव्हते, तर ते शिकवता येतं. मोकळा खेळाडू दिसलाच नाही, किंवा बचावपटू अंगावर येताच नजर खाली गेली, तर मात्र मला खरी भीती वाटते. आणि तो क्वार्टरबॅक कुठल्या संघात जातोय, तेही तितकंच बघा.