मदत हवी आहे : खडेयुक्त चराऊ जमिनीची जलधारणा कशी मोजावी?

सर्व जाणकारांना नमस्कार. दक्षिण ॲरिझोनात सांता रिटा डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेल्या पंखाकृती गाळाच्या मैदानांवरील चराऊ रानातील मातीचा मी अभ्यास करत आहे. येथील जुन्या, उंच पृष्ठभागांवर खडेमिश्रित पातळ थराखाली लालसर, घट्ट चिकणमाती लागते, तर अलीकडच्या गाळावर खोलवर सैल वाळूच असते. त्यामुळे शेजारी-शेजारी असलेल्या दोन तुकड्यांत गवत आणि मेस्क्विट (एक काटेरी झुडूप) यांचे प्रमाण स्पष्टपणे वेगळे दिसते.

माझी अडचण खड्यांची आहे. प्रयोगशाळेत २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेल्या मातीचीच जलधारणा मोजली जाते. परंतु आकारमानाने ३५ टक्क्यांहून अधिक खडे असलेल्या थराला तो आकडा जसाच्या तसा लावला, तर गवताला उपलब्ध पाणी फुगवून दाखवले जाते. खडे पाणी धरत नाहीत असे मानून सरळ वजावट करावी, तर कुजलेल्या, सच्छिद्र ग्रॅनाइटच्या खड्यांबाबत ते पटत नाही. अशा खड्यांची घनता व जलधारणा कोणी स्वतंत्रपणे मोजली आहे का, आणि कोणत्या पद्धतीने?

दुसरे असे, की पृष्ठभागावर सुटे पडलेले खडे पाणी मुरण्यास मदत करतात, तर मातीच्या वरच्या कडक पापुद्र्यात रुतलेले खडे ते अडवतात. प्रत्यक्ष जागेवर नोंद घेताना हे दोन प्रकार वेगळे कसे मोजावेत, तेही कृपया सांगावे. दख्खनच्या मुरमाड माळरानांवर काम केलेल्यांचा अनुभवही उपयोगी पडेल, जरी तेथील खडक बेसाल्ट असला तरी.