गल्लीच्या तोंडाशी हिशेबाचा फलक लावल्याने काय होणार?

वडगावकर : बेळगाव महापालिकेच्या आमच्या वॉर्डातील एका अपक्ष इच्छुकाने काल जाहीर केले की, निवडून आल्यास प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक, ठेकेदाराचे नाव आणि दिलेल्या बिलाची रक्कम तो गल्लीच्या तोंडाशी फलकावर लावील. त्याच्या घोषणेखालचे कौतुक वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. प्रशासन आयुक्तांच्या हाती आणि आयुक्तांना नेमते राज्य सरकार. मग नगरसेवक कोणता हिशेब दाखवणार? सप्टेंबर २०२१ मध्ये आपण ५८ नगरसेवक निवडले आणि महापौर मिळायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. त्या सतरा महिन्यांत फलक कोणी लावायचा होता?

शहापूरची रहिवासी : आमच्या गल्लीत फरशा बसवल्या आणि पावसाळा संपण्याआधीच जलवाहिनीसाठी उखडल्या. नगरसेवक ठेकेदाराकडे बोट दाखवीत, ठेकेदार कार्यालयाकडे. सासूबाई त्याच खड्ड्यात पडल्या. फलक असता तर निदान कोणाच्या दारात जाऊन भांडायचे, एवढे तरी समजले असते.

निवृत्त कारकून, टिळकवाडी : फलक कोणत्या भाषेत लावणार, हे त्या उमेदवाराने सांगितलेले नाही. मी गटाराच्या कामाची माहिती मागणारा अर्ज मराठीत दिला, तेव्हा तो कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत केला गेला. शेवटी शेजारच्या मुलाने लिहून दिला आणि उत्तर वाचण्यासाठीही त्यालाच बोलवावे लागले.

वडगावकर : आलात भाषेवर! इतकी वर्षे महापालिका महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाती होती, तेव्हा ठेकेदारांची बिले कोणी मराठीत वाचून दाखवली होती?

जुना कार्यकर्ता : जीभ सांभाळून लिहा. २००५ मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला म्हणून कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. तुम्ही तेव्हा कोठे होता?

वडगावकर : रांगेत, घागर घेऊन. ठरावाला माझा विरोध नव्हता. परंतु ठरावाच्या आड गटाराचा हिशेब राहून गेला, एवढेच म्हणतो. कारकूनसाहेबांचा अर्ज परत करणाऱ्याचेही फारसे चुकले नाही, कारण माहिती अधिकार कायद्याचे कलम ६ अर्जासाठी इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषाच सांगते.

निवृत्त कारकून, टिळकवाडी : कलम ६ वाचलेत, तर त्याच कायद्याचे कलम ४ का गाळले? स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती देताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी, असे त्याच्या चौथ्या पोटकलमात लिहिले आहे. शहापुरात स्थानिक भाषा कोणती, ते तुम्हीच सांगा.

शहापूरची रहिवासी : दोन्ही भाषांत लावा आणि विषय संपवा. खड्ड्यात पडणाऱ्याला कोणी मातृभाषा विचारत नाही.

जुना कार्यकर्ता : बाई, विषय संपवणे तुम्हाला सोपे आहे, आम्ही त्यासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत.

वडगावकर : लाठ्यांचा मान राखतो. कलम ४ माझ्या ध्यानात नव्हते, हेही कबूल. चाळीस वर्षांची कारकुनी वाया गेली नाही म्हणायची. तर लावू द्या फलक. मात्र पहिल्या फलकावर त्या उमेदवाराने स्वतःच्या प्रचाराचा खर्च लिहावा, जेवणावळींसकट आणि दोन्ही भाषांत. तेवढे केले, तर त्याची पत्रके मी स्वतः घरोघरी वाटीन.