ग्रंथालयाला मदत करायची आहे, पण ग्रंथपालबाई फारशा उत्सुक दिसल्या नाहीत

पानखूण:
आम्ही सातआठ जण एकाच सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद आहोत. देवघेवीच्या काउंटरपाशी भेटून भेटून ओळखी झाल्या, आणि आता मंडळ काढून ग्रंथालयाला हातभार लावावा असं सगळ्यांच्या मनात आहे. तिथे कर्मचारी मोजकेच. परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर पडून राहतात, बालविभाग संध्याकाळी उघडायला माणूस नसतो. आम्ही ठरवलं होतं की जुनी पुस्तकं गोळा करण्याची मोहीम काढायची, अधूनमधून लेखकांचे कार्यक्रम ठेवायचे आणि काउंटरवर आळीपाळीने बसायचं. ग्रंथपालबाईंना भेटून हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बघते, कळवते" म्हणाल्या, आणि पुढे काही कळवलं नाही. पुस्तकं गोळा करायचं म्हटल्यावर तर त्यांचा चेहराच उतरला. मनापासून मदत देऊ केली तर नको का वाटावी? ज्यांनी असं मंडळ चालवलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची?

दाखलनोंद:
मी ग्रंथपाल आहे, अर्थात दुसऱ्या ग्रंथालयात. त्यांचा चेहरा का उतरला ते सांगते. दान आलेलं प्रत्येक पुस्तक उघडून बघावं लागतं. बुरशी आहे का, कसर लागली आहे का, पानं आहेत का, आपल्याकडे प्रत आधीच आहे का. ठेवायचं ठरलं तर दाखल नोंदवहीत नोंद, वर्गांक, शिक्का, पाठीवर चिठ्ठी, संगणकावर नोंद. नाही ठेवायचं ठरलं तर त्याची विल्हेवाट कुठे लावायची, हा वेगळा प्रश्न. मोहिमेत पोत्यांनी येतात ती बहुतेक जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं, कायदे बदलून गेलेली कायद्याची पुस्तकं आणि उपचार कालबाह्य झालेली वैद्यकाची पुस्तकं. त्यातलं बुरशीचं एक पुस्तक जरी न बघता कपाटात गेलं आणि तिथे दमट हवा असली, तर बुरशी शेजारच्या पुस्तकांवर पसरते.

काउंटरचं म्हणाल तर अडचण तुमच्या प्रामाणिकपणाची नाही. कोणी कोणतं पुस्तक नेलं ही त्या वाचकाची खाजगी गोष्ट असते. एखाद्या बाईला घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक हवं असेल आणि काउंटरवर तिची शेजारीण बसलेली असेल, तर ती पुस्तक न मागताच परत जाईल. आम्हाला ही गुप्तता पाळण्याचं शिक्षण मिळालेलं असतं आणि ती आमची जबाबदारीही असते.

खळ आणि कागद:
पानखूण, आमच्या भागातल्या ग्रंथालयाच्या मित्रमंडळात मी बरीच वर्षं आहे आणि पुस्तक-दुरुस्तीचं टेबल माझ्याकडे असतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही योजना घेऊन गेलात. पुन्हा जा, पण या वेळी एकच प्रश्न घेऊन जा: "बाई, कोणतं काम करायचं राहून जातंय ज्याची तुम्हाला रोज टोचणी लागते?" मग त्या जे सांगतील ते करा, ते कितीही रटाळ वाटलं तरी. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं ते कपाटं लावण्याचं. पुस्तक चुकीच्या जागी ठेवलं गेलं की ते हरवल्यातच जमा. संगणक म्हणतो "आहे", वाचक म्हणतो "मिळत नाही". भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. कपाट ओळीने तपासत जाणारा स्वयंसेवक नेमकं हेच करत असतो.

हे काम शिकून घ्यावं लागतं. पुस्तकांना विषयानुसार आकडे देण्याची ड्यूई दशांश पद्धत आहे, तिच्यात ६१६.१२ म्हणजे हृदयविकार आणि ६१६.८ म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेचे विकार. नवा माणूस हमखास ६१६.८ आधी लावतो, कारण बारापेक्षा आठ लहान. पण हे दशांश आहेत. टिंबानंतर एकेक अंक बघत जायचं, एक आधी आणि आठ नंतर. एवढं एक कळलं की मराठी साहित्याचं ८९१.४६ कुठे शोधायचं तेही कळतं. आमच्याकडे प्रत्येकाला दोन-तीन कपाटं वाटून दिली आहेत. ज्याचं कपाट त्याला ते पाठ होतं, आणि एखादं पुस्तक जागेवर नसलं की नुसत्या नजरेने कळतं.

आता माझ्या टेबलाबद्दल. दुरुस्ती म्हटली की उत्साही मंडळी सेलोटेप घेऊन येतात. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो. वरची पट्टी गळून पडते आणि डाग मात्र कायमचा राहतो. फाटलेल्या पानाला आम्ही पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो. पट्टी कात्रीने कापायची नाही, ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि पानावर कडा उठत नाही. खळ अगदी पातळ लावायची, टिपकागदाने टिपायची, वरखाली बटर पेपर ठेवून वजनाखाली वाळू द्यायची.

पुस्तक बांधणीतून ढिलं झालं असेल तर विणकामाच्या लांब सुईला पांढरा गोंद लावायचा आणि ती पुठ्ठा व पाठ यांच्या मधल्या खाचेत सरकवून फिरवायची. मग पुस्तक मिटून रात्रभर दाबून ठेवायचं. अशी डागडुजी झालेली पुस्तकं पुन्हा हातोहात फिरायला लागतात. मला यात फार समाधान आहे, कारण सर्वांत जास्त फाटतात तीच पुस्तकं जी लोकांना सर्वांत जास्त हवी असतात.

फक्त देवघेवीच्या चालू पुस्तकांनाच हात लावायचा. दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखितं, जुनी नियतकालिकं यांना नाही. ते काम प्रशिक्षित जतनतज्ज्ञांचं आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं तेव्हा देशोदेशीचे तरुण तिथे धावले आणि चिखलात बुडालेले ग्रंथ त्यांनी रांगा करून हातोहात बाहेर काढले. पण ते ग्रंथ धुवायचे कसे, वाळवायचे कसे हे जाणकारांनी ठरवलं, आणि तो जीर्णोद्धार पुढे कित्येक वर्षं चालला. हात कितीही असोत, काय करायचं हे जाणत्याने सांगायला हवं.

गोष्टवेळ:
बालविभागाबद्दल माझा अनुभव. आम्ही चौघं मिळून दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मुलांना गोष्ट वाचून दाखवतो. दिवस आणि वेळ कधीच बदलत नाही, एकही मूल आलं नाही तरी वाचणारा तिथे असतो. हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुलं आणि त्यांचे आईबाबा ठरलेल्या वेळेवर विसंबतात. दोनदा दार बंद दिसलं की तिसऱ्यांदा येत नाहीत.

मुलांसोबत एकट्या मोठ्या माणसाने बसायचं नाही, कायम दोघं हवीत आणि दार उघडं. हे ग्रंथपालांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं आणि ते योग्यच आहे. चित्रांचं पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, म्हणजे वाचणाऱ्याला मजकूर तिरका दिसतो, म्हणून गोष्ट घरी आधी दोनतीनदा वाचून यायची. गोष्ट संपली की ते पुस्तक कपाटात परत ठेवू नका, टेबलावर ठेवा. कोणीतरी लगेच घरी घेऊन जातं.

पानखूण:
दाखलनोंद, तुमचं वाचून बाईंची बाजू कळली. मोहीम सोडून दिली, काउंटरही. सोमवारी भेटायला जातोय, तो एकच प्रश्न घेऊन. आमच्यातले एक जण म्हणतात की निधी गोळा करून एक अर्धवेळ माणूस नेमून द्यावा, म्हणजे बालविभाग रोज उघडा राहील. हे करावं का?

खळ आणि कागद:
माझं स्पष्ट मत, करू नका. पगार देणं ज्या यंत्रणेचं काम आहे तिच्याकडेच ते राहू द्या. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा पहिल्यांदा १९४९ मध्ये निघाला आणि त्याची ताजी आवृत्ती २०२२ ची आहे. ग्रंथालय ही स्थानिक आणि राष्ट्रीय शासनाची जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च शासनाने उचलायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तुम्ही वर्गणीतून माणूस नेमलात की वर बसलेल्यांना ते पद भरायची गरज उरत नाही, आणि वर्गणी आटली की तो माणूसही जातो. निधी जमवायचाच तर बालविभागाच्या गालिच्यासाठी जमवा, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांसाठी जमवा, दुरुस्तीच्या सामानासाठी जमवा. हिशेब फलकावर लावा.

माणूस हवा असेल तर त्यासाठी आवाज उठवा. इथे मित्रमंडळ जे करू शकतं ते ग्रंथपाल करूच शकत नाहीत. त्या नोकरीत आहेत, स्वतःच्या वरिष्ठांविरुद्ध निवेदन कसं देणार? तुम्ही सभासद आहात, तुम्हाला कोणी अडवत नाही. इंग्लंडमध्ये स्टोनी स्ट्रॅटफर्ड नावाच्या गावचं ग्रंथालय बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या वाचकांनी आपापल्या कार्डावर जमतील तेवढी पुस्तकं नेली आणि जवळपास १६,००० पुस्तकांची कपाटं रिकामी केली. ग्रंथालय नसलं तर कसं दिसेल, ते डोळ्यांना दिसलं. ते ग्रंथालय बंद झालं नाही. तुमच्याकडे इतकं टोकाला जायची वेळ आलेली नाही, पण संध्याकाळी बालविभागाच्या बंद दारापाशी किती मुलं येऊन परत गेली याची महिनाभर नोंद ठेवा. तारीख, वेळ, आकडा, बाकी काही नको. मुलांची नावं तर मुळीच नकोत. ती वही अर्जासोबत जोडा. बाईंना विचारून करा, म्हणजे त्या अडचणीत येणार नाहीत.

दाखलनोंद:
एक भर घालते. जे ठरेल ते एका कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या: कोणती कामं मंडळाची, कोणती कर्मचाऱ्यांची, चाव्या कोणाकडे, कोणी येणार नसेल तर कोणाला कळवायचं. बोलाचालीवर चाललेली मंडळं ग्रंथपालांची बदली झाली की कोलमडतात. नव्या माणसाला तुम्ही कोण हेच माहीत नसतं.

आणि सोमवारी जाताना सातआठ जण जाऊ नका. दोघंच जा, दुपारी, गर्दी नसताना.