इटलीचे पहिलवानपट: नुसती पिळदार शरीरं, की खरा सिनेमा?

रानवारा:
१९५८ मध्ये दिग्दर्शक पिएत्रो फ्रान्चिस्कीचा ‘हर्क्युलिस’ आला. नायक स्टीव्ह रीव्ह्ज, १९५० चा मिस्टर युनिव्हर्स. मग इटलीत अशा बलदंड नायकांच्या सिनेमांचं पेवच फुटलं: हर्क्युलिस, माचिस्ते, सॅमसन, उर्सुस. समीक्षकांनी कायम नाकं मुरडली. मला ते अजिबात पटत नाही. मारिओ बावाचा १९६१ चा पाताळातला हर्क्युलिस बघा. पैसा जेमतेम, पण लाल, निळ्या, हिरव्या प्रकाशात त्याने असं पाताळ उभं केलंय की नजर हटत नाही. दगडी शवपेट्यांतून प्रेतं उठून तरंगत येतात आणि हर्क्युलिस झालेला रेग पार्क त्यांच्यावर शिळा भिरकावतो. हे दृश्य कुठल्याही मोठ्या बॅनरच्या तोडीचं आहे.

तिसरी घंटा:
प्रकाशयोजना मान्य. पण हे सिनेमे सांगतात काय? प्रजा गांजलेली, बाहेरून एक बलदंड माणूस येतो, साखळ्या ओढून राजवाड्याचे खांब पाडतो, हक्काचा वारस गादीवर बसतो. लोकांनी फक्त जयजयकार करायचा. ‘हर्क्युलिस’ आला तेव्हा गव्हाच्या मळणीत उघड्या छातीने फोटो काढून घेणारा हुकूमशहा मुसोलिनी जाऊन १५ वर्षंही झाली नव्हती. आणि माचिस्ते? १९१४ च्या ‘काबिरिया’ या सिनेमात तो आफ्रिकी गुलाम. जेनोवाच्या बंदरातला कामगार बार्तोलोमेओ पागानो अंगाला काळा रंग लावून उभा केला. लोकांनी डोक्यावर घेतल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या नावाचा सिनेमा निघाला, त्यात मात्र माचिस्ते गोरा.

रानवारा:
पागानोचा मुद्दा बिनतोड आहे. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. दिग्दर्शक कोत्ताफावीच्या अटलांटिसवरच्या हर्क्युलिसपटात (१९६१) राणी अँटिनिया एकसारख्या चेहऱ्याचे, सोनेरी केसांचे सैनिक घडवते. हे नाझी स्वप्नच, आणि हर्क्युलिस ते उद्ध्वस्त करतो. बरं, हा हर्क्युलिस आळशी आहे, त्याला सत्तेची हाव नाही.

पिटातला:
दिग्दर्शक सर्जिओ लिओनी याच तालमीत तयार झाला, ‘कोलोसस ऑफ ऱ्होड्स’ (१९६१) त्याचाच. १९६४ ला त्याच्या वेस्टर्नने, म्हणजे काउबॉयपटाने, धंद्याची दिशाच बदलली. आपल्याकडे दारासिंगचे ‘किंग काँग’ (१९६२), ‘सॅमसन’ (१९६४) त्याच काळातले. पडद्यावर खरी ताकद बघण्याचा आनंद असतो, त्याला कमी लेखू नये.

तिसरी घंटा:
आनंद आहेच. पण व्हेनिसचा आद्रिआनो बेल्लिनी ‘कर्क मॉरिस’ नावाने का झळकला? इटालियन ताकदीलाही अमेरिकन नाव लावून विकावं लागलं. ज्या सिनेमाला आपल्याच माणसाचं नाव पोस्टरवर लावायचा धीर नव्हता, त्याला मी तरी मोठा म्हणणार नाही.