डेंग शियाओपिंग यांच्यावर खरोखर किती हल्ले झाले?

जनकगंजची_नात

नमस्कार. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. आमच्या मंडळात दर महिन्याला कुणीतरी एका विषयावर बोलतं, या वेळी माझी पाळी आहे. मी चीनचे पुढारी डेंग शियाओपिंग घेतले, माओंनंतर आर्थिक सुधारणा आणणारे, ते आजोबांमुळे. आजोबा अटलजींना इथल्या शिंद्यांची छावणी या मोहल्ल्यातल्या दिवसांपासून ओळखायचे, म्हणजे सभा ऐकायला जायचे तसे. ते सांगतात, १९७९ साली अटलजी परराष्ट्रमंत्री म्हणून चीनला गेले आणि डेंगना भेटले, त्याच्या थोडे दिवस आधीच डेंग अमेरिकेत एका हल्ल्यातून बचावले होते.

हे खरं आहे का? नेटवर हल्ल्यांच्या याद्या सापडतात, पण प्रत्येकीत आकडा निराळा, आणि सांस्कृतिक क्रांतीत (माओंनी १९६६ पासून पक्षातल्याच लोकांविरुद्ध उठवलेल्या मोहिमेत) त्यांना पदावरून काढलं तेही त्यातच मोजलेलं. मंडळात जुनी, वाचणारी मंडळी येतात. त्यांच्यापुढे कच्चं काही ठेवायचं नाहीये. कुणी नीट सांगेल का?

कंपूचे_सर

तुझे आजोबा बरोबर सांगतात, तारखाही जुळतात. डेंग २९ जानेवारी १९७९ ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना भेटले. मग अटलांटा, ह्यूस्टन, सिअ‍ॅटल करून ५ फेब्रुवारीला परत निघाले. अटलजी १२ फेब्रुवारीला चीनमध्ये पोहोचले, मध्ये आठवडासुद्धा पुरता नाही. १९६२ नंतर इतक्या वरच्या पातळीवरची भारताची ती पहिलीच भेट. १७ तारखेला चीनने व्हिएतनामवर चढाई केली आणि अटलजी दौरा अर्धवट सोडून परतले. डेंगशी बोलणं त्याआधी झालेलं होतं.

आता हल्ला. ठिकाण ह्यूस्टन, हॉटेलमधली गर्दी. लुई बीम नावाचा माणूस डेंग यांच्या अंगावर धावून गेला आणि सीक्रेट सर्व्हिसच्या रक्षकांनी त्याला वाटेतच आडवा केला. बीम व्हिएतनाम युद्धात लढलेला, टेक्सासमधल्या कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवादी संघटनेचा पुढारी. अमेरिकेने १ जानेवारीला तैवानशी राजनैतिक संबंध तोडून पेकिंगशी (म्हणजे कम्युनिस्ट चीनशी) जोडले होते, आणि कम्युनिस्ट पुढाऱ्याचं असं स्वागत चाललेलं त्याच्यासारख्या लोकांना सहन होत नव्हतं. व्याख्यानात 'अंगावर धावून गेला, रक्षकांनी पाडला' एवढंच सांग, कारण एवढंच पक्कं आहे. पिस्तूल, गोळ्या असलं काही जोडू नकोस.

पण मला त्या दौऱ्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वॉशिंग्टनमध्ये रस्त्यावर उतरून पोलिसांशी भिडले ते डावे होते! बॉब अवाकियन यांच्या रिव्होल्यूशनरी कम्युनिस्ट पार्टीचे, कट्टर माओवादी. त्यांच्या लेखी डेंग म्हणजे माओंचा वारसा विकणारा. एकाच आठवड्यात एका टोकाला क्लान आणि दुसऱ्या टोकाला माओवादी, दोघांचा राग एकाच बुटक्या म्हाताऱ्यावर. डिसेंबर १९७८ च्या, सुधारणांची दिशा ठरवणाऱ्या पक्षबैठकीनंतर चीन कुठल्या बाजूला वळतोय हे दोघांनाही दिसत होतं. मी वर्गात हा काळ शिकवायचो तेव्हा मुलांना आधी हेच सांगायचो, मग सुधारणा काय आणि किती ते.

पदच्युती आणि जिवावरचा हल्ला एकात मोजायचे नाहीत, हे तू बरोबर पकडलंस. पण पदच्युतीत जीव जाऊ शकत होता हेही सांग. सांस्कृतिक क्रांतीत 'भांडवली वाटेवरचा पहिला नंबर' ठरले लिऊ शाओची आणि दुसरा नंबर डेंग. लिऊ देशाचे अध्यक्ष होते. मारहाण, कोंडून ठेवणं, औषधपाण्याची हेळसांड, आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये कायफंग इथे मृत्यू. त्याआधी १९६८ मध्ये डेंग यांचा थोरला मुलगा पूफांग पेकिंग विद्यापीठात रेड गार्ड्सच्या (माओंच्या तरुण समर्थकांच्या टोळ्यांच्या) ताब्यात असताना वरच्या मजल्यावरून खाली पडला आणि कमरेखाली कायमचा अधू झाला. बापावरचा राग मुलाच्या शरीरावर निघाला. हे सांगताना घाई करू नकोस.

विमानवेडी_माधवनगर

सर, यात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचं नाव यायलाच हवं. आणि ते आलं की आपली माणसंही येतात.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी चीनचे प्रतिनिधी आणि पत्रकार घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताला निघालं. चौ त्यातूनच जाणार असा कटवाल्यांचा अंदाज. हाँगकाँगच्या विमानतळावर सफाई करणाऱ्या एका कामगाराने त्यात टाइमबाँब ठेवला. सूत्रं तैवानच्या सत्ताधारी, कम्युनिस्टविरोधी कुओमिन्तांग पक्षाकडे होती आणि तो माणूस नंतर तैवानला पळाला. चौ त्या विमानात नव्हतेच, ते रंगूनमार्गे गेले. समुद्रावर स्फोट झाला. विमानातले १६ जण गेले, तिघे वाचले.

कॅप्टन होते दामोदर काशिनाथ जटार. आग लागलेलं विमान त्यांनी शेवटपर्यंत हाताळून समुद्रावर उतरवलं. ते स्वतः गेले, हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी गेल्या. वाचलेले तिघे म्हणजे दीक्षित, पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर अनंत कर्णिक. जटारांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. तपासासाठी भारताकडून गेले रामनाथ काव, ज्यांनी पुढे 'रॉ' उभी केली.

मला विमानांचं वेड बाबांमुळे, ते एअरफोर्समध्ये होते. जटारांचं नाव आमच्या घरी फार आदराने घेतलं जायचं. आज मराठी घरांतल्या मुलांना ते ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताई, तुम्ही मंडळात बोलाल तेव्हा हे नाव जरूर घ्या.

जनकगंजची_नात

अंगावर काटा आला वाचून. जटारांचं नाव नक्की घेईन. पण हा हल्ला चौंवरचा. डेंगच्या विषयात तो बसवू कसा? ओढूनताणून आणल्यासारखं नको वाटायला.

कंपूचे_सर

ओढायची गरजच नाही, धागा सरळ आहे. चौ १९५५ मध्ये गेले असते तर डेंगना पुढे कुणी सांभाळलं असतं?

दोघांची ओळख फ्रान्समधली, १९२० नंतरची. डेंग तेव्हा रेनो कारखान्यात मजुरी करायचे आणि चौंच्या हाताखाली चिनी विद्यार्थ्यांचं पत्रक स्टेन्सिलवर छापायचे. ऑक्टोबर १९६९ मध्ये डेंगना च्यांगशी प्रांतात धाडायचं ठरलं, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी दूरची गैरसोयीची जागा सुचवली होती. चौंनी स्वतः फोन करून त्यांची सोय नाचांग शहराजवळ करायला लावली. तिथे डेंग ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर म्हणून कामाला जात. फ्रान्समधलं हातकाम कामी आलं. लिऊ आणि डेंग यांच्या नशिबातला फरक काही अंशी त्या फोनमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. माओंनाही डेंग हातचे राखायचे होते, ते दुसरं कारण. कर्करोगाने खंगलेल्या चौंनाच मग कारभार सोपवायला माणूस हवा झाला, आणि १९७३ मध्ये डेंग परत आले.

जानेवारी १९७६ मध्ये चौ वारले. एप्रिलमध्ये त्यांच्या स्मरणासाठी तिएनानमेन चौकात लोक जमले, त्याचं खापर डेंगवर फुटलं आणि सगळी पदं गेली. पण पक्षाचं सदस्यत्व माओंनी राहू दिलं. जमाव डेंगच्या घरावर चालून जाईल अशी बातमी होती, म्हणून संरक्षक दलाचे प्रमुख वांग तुंगशिंग यांनी त्यांना जुन्या वकिलातींच्या भागातल्या एका घरात हलवलं. तुला मंडळात सांगायला हा प्रसंग सर्वांत उपयोगी. गादी कुणाची हे ठरायचं होतं तेव्हा डेंगचा जीव पहारेकरी कुणाचं ऐकतात यावर टांगलेला होता. ९ सप्टेंबरला माओ गेले, ६ ऑक्टोबरला माओंच्या पत्नीसह चौघा कट्टर पुढाऱ्यांच्या 'चौकडी'ला अटक झाली. ती अटकही वांग यांच्याच माणसांनी केली.

आकडा कुणी विचारला तर सांग की उघड्यावर, परक्या देशात, साक्षीदारांसमोर झालेला प्रयत्न ह्यूस्टनचा. आणि सुरुवात १९५५ च्या विमानापासून कर. आजोबांना अटलजींचा भाग बोलू दे, पाच मिनिटं राखून ठेव.

विमानवेडी_माधवनगर

सर म्हणतात तसंच करा. आणि दिवस कळवा, मी माधवनगरहून येते. बाबांनाही आणते, 'काश्मीर प्रिन्सेस' ज्या जातीचं होतं त्या कॉन्स्टेलेशन विमानाची रचना कुणी विचारली तर ते सांगतील.